बोंबलांवरून उठलेली डरकाळी

मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, हे टपाल नाक्यापासून उरण नाक्यापर्यंत सगळ्या पनवेलला माहीत आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याशेजारी पूर्वी आणखी एक सुळका होता आणि माझ्या आजोबांनी तो मिठागराला बांध घालायला खाली आणला, ही माझी गोष्ट एका मास्तरांनी सहलीच्या पोरांना खरी म्हणून सांगून टाकली होती. त्यामुळे सुमतीच्या घरातल्या गोष्टी बाहेर फुटायला लागल्या तेव्हा पहिला संशय माझ्यावर आला, यात तिची काही चूक नव्हती. मला स्वतःलाही माझा थोडा संशय आला होता.

सुमती घरत आमच्याच इमारतीत, लाइन आळीत, वरच्या मजल्यावर राहते. मूळची कोनची, एक्स्प्रेसवेच्या कडेच्या गावातली. त्यांची शेती आणि आमचं मिठागर यांच्यामध्ये एकच बांध, म्हणून मी तिचा कमळूकाका. शाळेतून निवृत्त झाली, नवरा गेला, आणि मग ही बाई जी लिहायला लागली ती थांबेचना. पेपरात सदर, फेसबुकवर पान, गावोगाव भाषणं. विषय एकच, बाईचं नाव. सातबाऱ्यावर का नाही, रेशनकार्डावर पहिलं का नाही, दारावरच्या पाटीवर का नाही. रोज चारच्या चहाला मी वर जायचो आणि चहापेक्षा भाषण जास्त पिऊन यायचो.

आमच्याकडे जमिनीला भाव आला तशी एक रीत पडली. बाप गेला की भाऊ बहिणींना गाडीत घालून कचेरीत नेतो. बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, म्हणजे जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून देतात. परत येताना भाऊ साडी घेऊन देतो. सगळे म्हणतात, काय प्रेम आहे बघा भावाबहिणीचं! सुमतीने यावर लेख लिहिला. 'माझ्या सख्ख्या बहिणीने एका साडीसाठी आपलं नाव पुसलं. मी पुसणार नाही.'

लेख गाजला आणि तिच्या फोनवर गटार फुटलं. त्यातलं एक वाक्य जरी इथे उतरवलं तरी कागद उठून अंघोळीला जाईल. शिव्या देणारे कोण, तर कोणाला तोंड नाही. एकाचा फोटो गाडीचा, एकाचा झेंड्याचा, एकाचा नुसताच काळा चष्मा. मग एक दिवस आमच्या इमारतीचाच फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'इथे एकटीच राहते.'

तेव्हापासून सुमतीच्या नजरेत काहीतरी बदललं. भाजीवाला फोनकडे बघून हसला तरी ती वळून बघायची. रिक्षावाल्याने आरसा जरा हलवला की ती अलीकडेच उतरायची. गॅसवाल्याला तिने दाराच्या साखळीतून पुस्तक दिलं, सही साखळीतून केली. जिने दारावरच्या पाटीसाठी एवढी भाषणं ठोकली, तिने एका दुपारी स्वतःची पाटी स्क्रू काढून उतरवली आणि कपाटात ठेवून दिली. मी बघितलं. मी काही बोललो नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते आळीला विचारा.

त्या सगळ्या टोळीत एक होता 'एकटा वाघ'. नाव नाही, गाव नाही, नुसतं वाघाचं तोंड. तो घाण लिहीत नसे. तो घरातलं लिहायचा. 'रोज भात करपवतंय नि बायांना शिकवतंय.' 'गुडघा सुजलाय तं डाक्टरला दाखव, भाषनं कनाला देतंस?' 'आयचा हंडा माल्यावर काला परलाय, त्याला चिंच लाव पयली.' वाघाने एवढं लिहिलं की खाली लांडगे जमायचे. 'वाघोबा, जिंकलंत!' म्हणायचे आणि मग त्यांचं ते घाणेरडं सुरू व्हायचं.

"अनोळखी माणसाने काही लिहिलं तर फोन बंद करून झोपता येतं," सुमती मला म्हणाली. "पण काका, ह्याला माझा भात माहीत आहे."

रविवारी वडाळे तळ्याजवळच्या सभागृहात तिच्या लेखांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. साडीचा लेख ती स्वतः वाचणार, असं पत्रिकेत छापून गेलं होतं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "घरातला कोण ते कळल्याशिवाय मी त्या स्टेजवर पाय ठेवणार नाही. तो समोर पहिल्या रांगेत बसलेला असेल, आणि मी त्याच्याकडे बघून हसत असेन."

"नाही गेलीस तर ते जिंकले."

"जिंकू देत. पुढे लिहिणारही नाही." मग माझ्या हातातला रिकामा कप घेत ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि काका, काही दिवस चहाला येऊ नका."

बघा! चहा तुटला तेव्हा मी कामाला लागलो.

माझा संशय भगवानवर होता. भगवान म्हणजे तिचा भाऊ, मधला. थोरली सखूबाई करंज्याला, मासेमारीच्या बंदरावर दिलेली, मग हा, मग सुमती. सुमती हक्कसोडावर सही करत नव्हती म्हणून ह्याचा एक मोठा व्यवहार अडकला होता. वाघाची भाषाही गावचीच. दुसरा संशय समोरच्या हेतलवर, कारण सुमतीच्या घराची जादा किल्ली तिच्याकडे असते. आता खोटं बोलणाऱ्याला पकडायचं तर मला एकच हत्यार येतं. मी ठरवलं, दोघांना दोन वेगळ्या थापा द्यायच्या. वाघ जी थाप बोलेल, तिच्यावरून त्याची गुहा कळेल.

कोनला गेलो. भगवान रस्त्याच्या कडेला त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात बसला होता, गळ्यात बैल बांधता येईल एवढी साखळी.

"काय कमळूकाका, आज पायांनी आलात की विमानानं?"

"विमानानंच. पायलट आपल्या गावचा निघाला, म्हणाला, इथंच उतरा, पुढे धक्का लागेल. बरं, तुला कळलं का? एका बिल्डरने सुमतीकडे जिताडा पाठवला."

आमच्या रायगडात जिताडा हा मासा नुसता खायचा नसतो. ज्याच्याकडे काम अडलंय त्या साहेबाच्या घरी तो जातो, गुपचूप, ओल्या गोणत्यात.

"केवढा?"

"डोकं ओट्यावर, शेपूट जिन्यात. खालच्या मजल्यावरून लोक शेपटीला पाय लागू नये म्हणून उड्या मारत जात होते."

भगवान हसला. मग एकदम थांबला. "कंचा बिल्डर?" त्याने टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला. "माझ्या कागदावर सही करायला तिला तत्त्वं आडवी येतात, आणि जिताडा चालतो?"

फोन उलटा केला ना, तिथेच मी मनात ठरवून टाकलं, हाच.

तरी संध्याकाळी हेतलला जिन्यात गाठून सांगितलं की बिल्डरने सुमतीकडे हापूसच्या पेट्या पाठवल्या. "काका, मला तर एक पण आंबा नाही दिला!" हेतल म्हणाली आणि सुमतीच्या दाराकडे अशी बघत राहिली की तिच्यावरचाही संशय पक्का झाला.

आता एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सखूबाई भेटली. दर आठवड्याला ती करंज्याहून सुकी मासळी घेऊन उरण नाक्यावर विकायला येते आणि बहिणीसाठी एक पुडी बाजूला काढते. लेख छापून आल्यापासून तिचे पाय दुखायला लागले होते, जिना चढवत नाही म्हणायची. मग मी एसटी स्टँडवर जाऊन पुडी घ्यायचो आणि बस सुटेपर्यंत आम्ही गप्पा मारायचो. हिच्यावर संशय कोण घेणार? पण माझ्या जिभेला तीच थाप पुन्हा सांगायची सवय नाही, आणि करंज्याच्या बाईला जिताडा काय सांगायचा!

"सखू, ऐकलंस का? बिल्डरनं तुझ्या बहिणीला टेंपो भरून बोंबील धाडले. सगळ्या गच्चीवर दोऱ्या बांधल्यान. एकेका बोंबलाच्या शेपटीला गाठ, नि उलटे टांगलेत. लांबून वाटतं, चांदीच्या झालरी सोडल्यात."

सखूबाईने कल्ले उघडून मासा बघावा तसं माझ्याकडे बघितलं. ती तोंड उघडणार एवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. ती घाईने चढली, खिडकीतून बाहेर वाकली, बोट नाचवत काहीतरी ओरडली. इंजिनाने ते सगळं गिळलं. मी हात हलवून निरोप दिला.

दिवे लागायच्या सुमाराला वाघाने डरकाळी फोडली.

'सुमतीबाय बिल्डरचे बोंबील खातंय. नि बोंबील म्हने शेपटीनं टांगलेत! कंच्या गाढवानं टांगले? एका बोंबलाचे जबड्यान दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि जोडी दोरीवर टाकायची. शेपटीनं टांगलास तं वारा आयला का खाली, मंग कुत्री खातील.'

मी ते वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. बहिणीने लाच खाल्ली, हे वाघाने एका घासात गिळलं होतं. पण उलटा टांगलेला बोंबील त्याच्या घशात अडकला होता. खिडकीतून जे मला ऐकू आलं नाही, ते आता अख्ख्या तालुक्याने वाचलं.

आणि लांडगे? त्यांना बोंबलाशी काय देणंघेणं! सकाळपर्यंत बोंबलांचा फ्लॅट झाला, फ्लॅटचे दोन झाले, एका शहाण्याने तर मजला क्रमांकही टाकला. मी जन्मभर थापा मारल्या, पण माझी थाप अशी बाळंत झालेली मी कधी बघितली नव्हती. कार्यक्रमवाल्यांचा सुमतीला फोन आला, "मॅडम, वातावरण जरा निवळू द्यायचं का?"

सुमती सुजलेला गुडघा घेऊन जिना उतरून माझ्या दारात आली.

"बिल्डर? माझ्या नावावर? काका, हे तुमचंच. एवढे बोंबील दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येणार नाहीत!"

"माझंच. शिव्या नंतर घाल. आधी वाघाने काय लिहिलंय ते नीट वाच. शेपटीचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

"कोणाला?"

मी नाव सांगितलं. सुमती पायरीवर बसली. तिने वाघाचं परत एकदा वाचलं.

"ताईला टाइप करता येत नाही," ती म्हणाली.

"बोलता येतं ना? हल्ली फोन ऐकून लिहितो."

कार्यक्रमवाल्यांना ती एवढंच म्हणाली की संध्याकाळी कळवते, आणि आम्ही करंज्याची बस धरली. वाटेत तिची बॅग मांडीवर होती आणि बॅगेवर दोन्ही हात, जणू मी ती पळवणार होतो.

सखूबाईच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील होते, जबड्यात जबडा, जोडीजोडीने. तिने वर बघितलं नाही.

"पाय जपून टाका. सुकट वालत टाकलंय."

सुमतीने फोन तिच्यासमोर धरला. "ताई, हा वाघ कोणाचा?"

"देवीचा."

"काय?"

"बचत गटाचे बायनं मना खातं काढून दिलं, त्याव देवीचा फोटू व्हता. आता देवीचा फोटू लावून कोनाला बोलू कशी? पाप लागंल. म्हनून देवीला कापली, एकटा वाघ ठेवला नि नाव पन तेच लावलं." आणि तिने कपाळाला हात लावून माफी मागितली. सुमतीची नव्हे, देवीची.

"आणि माझ्या घरातलं तुला कोणी सांगितलं?"

"ह्यो काय बसलाय! पुडी घेताना सगला पेपर वाचून दावतो. भात करपला, गुडघा सुजला, हंडा काला परला."

म्हणजे माझ्यावरचा संशय बरोबर होता. मी सुकटीतले खडे वेचायला लागलो. माझ्याकडे कोणी बघू नये असं मला फार वाटत होतं.

"का केलंस, ताई?"

आता सखूबाई उठली. "सारीसाठी सही केली, असं लिवलंस ना? मी कवा सारीसाठी सही केली? कोन बोललं तुला?"

"दादा."

"दादा!" सखूबाईने कमरेवर हात ठेवले. "सगल्या जगाचे बायांना सांगतंय, पुरुसांचं आयकू नका. नि माजी गोष्ट भगवानला इचारून लिवलीस?"

सुमतीने पुढे धरलेला फोन खाली घेतला.

"मना बोलला, बाबांचे मागं वारसान आपली नावं चढवायची हायेत, सही कर. मी केली. माझं नाव चढलं म्हनून करंज्यान पेढं वाटलं मी! सारी आनली व्हती त्यानं, ती कोरी ठेवली पोरीचे लग्नाला. मंग लय दिवसांनी कललं, नाव चढलं नाय, उतारलं. तवा ती सारी कोनला नेली नि त्याचे ओट्याव फेकली. सगल्या आलीनं बघितलं. तू तवा कॉलेजान. नि आता पेपरान काय, तं सखूबाय सारीला भुलली!"

"मला एकदा सांगायचंस."

"तू मना इचारायला आयलीस? तू डायरेक लिवलंस. मंग मी पन डायरेक लिवलं."

"आणि ते बाकीचे, ताई? ते काय लिहितात वाचलंस?"

सखूबाईने कमरेवरचे हात खाली घेतले. वारा होता, बोंबील एकमेकांवर आपटून कागदासारखे वाजत होते.

"अक्षर लावून लावून वाचलं," ती म्हणाली. "मंग फोन सुकटीचे टोपल्यान टाकून दिला. चार दिस काढला नाय. मंग काढून त्यांना बोलली, मेल्यांनो, माजी भैन हाय ती, तुमी कोन? तं ते बोलतात, 'वाघोबा, भारी जोक.' मी जेवढी हाकलतंय तेवढे माझेच मागं येतान. काल बोंबलांचं आयकलं नि रागान परत बोलली. नाय बोलायचं व्हतं."

सुमतीने फोन बॅगेत टाकला. "मी रविवारी जात नाही. त्यांना कळवून टाकते. पुस्तकात खोटं छापलंय मी. कुठल्या तोंडाने वाचू?"

"मंग खोटंच ऱ्हाऊ दे? पुस्तकान?"

"ताई, तिथे कोण बसलेलं असेल ते मला माहीत नाही. मी एक वाक्य चुकले असं म्हटलं की ते म्हणतील, सगळंच खोटं. आणि ते माझं घर ओळखतात."

"मी येतंय," सखूबाई म्हणाली. "माजं नाव घे. पन मना स्टेजवर चढवू नको, माझे पाय खरंच दुखतान."

रविवारी सभागृह भरलं. एवढी गर्दी मी पनवेलात फक्त एकदा पाहिली होती, तळ्यात देवमासा आला होता तेव्हा. पण ते राहू द्या. गर्दी बघून मला आनंद झाला नाही. पुढे बायका होत्या, त्या पुस्तकासाठी आल्या होत्या. मागच्या रांगांत पुरुष होते आणि त्यांच्या मांडीवर पुस्तकं नव्हती, फोन होते. भगवान दाराजवळ चार मित्र घेऊन बसला होता. मी एकेक चेहरा बघत होतो. गाडीचा फोटो ह्याचा असेल? काळा चष्मा तो? आमच्या आळीतला दूधवालाही होता. तो का आला असेल?

सुमती माईकपाशी उभी राहिली. कागद हातात. तिने समोर बघितलं, डोळे शेवटच्या रांगेपर्यंत गेले, आणि मागे भराभर फोन उभे राहिले. सुमतीचं तोंड उघडलं, आवाज नाही.

पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा करकर आवाज आला. सखूबाईने आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, उलटी फिरवली, आणि स्टेजकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसली. मांडीवर पिशवी. पिशवीचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत.

कार्यक्रमाचा एक कार्यकर्ता धावत आला. "मावशी, स्टेज तिकडे आहे."

"म्हाईत हाय."

"मग तिकडे बघा ना."

"ती काय बोलनार ते मना पाठ हाय. मी यांना बघतंय."

आणि ती बघायला लागली. घाई नाही. एका टोकापासून, एकेक माणूस, बाजारात टोपली तपासावी तसं. एकावर नजर ठरायची, तो हलेपर्यंत हटायची नाही. पहिल्यांदा दोघेतिघे हसले. मग त्यांच्यातल्या एकाने फोन मांडीवर ठेवला. मग खिशात.

"या पुस्तकातलं एक पान खोटं आहे," सुमती मागून म्हणाली, "आणि ते मी लिहिलंय. माझ्या बहिणीची गोष्ट मी माझ्या भावाला विचारून लिहिली. आता बहिणीला विचारून सांगते."

ती सांगत गेली. वारसाची सही, पेढे, कोरी साडी, ओटा. सखूबाईने एकदाही मागे वळून बघितलं नाही. भगवानचा फोन अजून उभा होता.

"भगवान," सखूबाई जागेवरूनच म्हणाली, फार मोठ्यानेही नाही, "धर, चांगला धर. सगलं येऊ दे त्यान. ओटा पन येऊ दे."

बायका वळून दाराकडे बघायला लागल्या. फोन खाली आला. भगवान उठला नाही, उठता आलं नसावं, कारण दार दोन पावलांवर असलं तरी ती दोन पावलं तिच्या नजरेसमोर टाकावी लागली असती.

सगळे फोन काही खाली गेले नाहीत. लांडगे अजूनही आहेत, त्या रात्रीही लिहीत होते, उद्याही लिहितील. वाघ नसला तरी त्यांचं काही अडत नाही. पण सुमती शेवटपर्यंत बोलली. पाणी प्यायला थांबली, परत बोलली.

तोवर सखूबाईची नजर रांगा संपवत माझ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी दूधवाल्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. नजर हलेना. माझा फोन तर घरी राहिला होता. तरी मी दोन्ही हात वर करून दाखवले.